शपथ आणि तहनामा : क्रांतिकाळातील राजकीय चित्रकला व पुणे दरबारचे एक तैलचित्र

इ. स. १७९० मध्ये पॅरिस येथील जॅकोबिन मंडळात एका भव्य चित्राची कल्पना निघाली व ते काम झाक-लुई दाविद या चित्रकाराकडे सोपविण्यात आले. आदल्या वर्षी, २० जून १७८९ रोजी, व्हर्साय येथील टेनिसच्या क्रीडागृहात फ्रेंच लोकप्रतिनिधींनी घेतलेली शपथ हा त्या चित्राचा विषय होता. त्याच १७९० सालच्या १ जून रोजी पुण्यात पेशवे आणि इंग्रज कंपनी यांच्यामध्ये टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला, आणि त्या तहाच्या दरबाराचेही एक मोठे तैलचित्र पुढे तयार झाले. दोन्ही चित्रांचे विषय समकालीन, दोहोंचा हेतू उघडपणे राजकीय. पहिले चित्र कधीच पुरे झाले नाही. दुसरे पंधरा वर्षांनी पुरे होऊन लंडनमध्ये प्रदर्शित झाले. एक अपुरे का राहिले आणि दुसरे पुरे का होऊ शकले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी, ज्या वाटेने इंग्रज चित्रकार पुण्यास पोहोचला ती बोरघाटाची वाट, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर आणि त्याला लागून असलेला कर्जत तालुका, यांचीही साक्ष घ्यावी लागेल. राज्यसत्तेने आपली प्रतिमा लोकांपुढे कशी ठेवावी, या प्रश्नाला मराठी राज्यकर्त्यांनी दिलेले एक निराळे उत्तर त्या मुलखात पाहावयास मिळते.

नवअभिजात चित्रकला ही क्रांतीची कला, अशी समजूत रूढ आहे. पण ती जन्माने तशी नव्हती. दाविदचे ‘होरेशी बंधूंची शपथ’ हे चित्र १७८४ मध्ये रोम येथे रंगविले गेले आणि १७८५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. ते सोळाव्या लुईच्या सरकारने मागविलेले चित्र होते. प्राचीन रोममधील तीन भाऊ पित्याने उंचावलेल्या तलवारींकडे हात पुढे करून शपथ घेतात. मागे तीन साध्या कमानी. एका बाजूस शोकाकुल स्त्रिया. कुटुंबापेक्षा राज्य श्रेष्ठ, एवढाच त्याचा आशय, आणि राजाच्या अधिकाऱ्यांना त्यात आक्षेपार्ह काही दिसले नाही. चारच वर्षांनी राज्य म्हणजे राजा नव्हे, राज्य म्हणजे राष्ट्र, असा अर्थ लोकांनी धरला आणि चित्रातील एकही रेषा न बदलता ते चित्र प्रजासत्ताकाचे झाले. १७८९ च्या प्रदर्शनातील ‘ब्रूटस’चेही तेच झाले. प्रचाराच्या इतिहासात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्रकार अर्थाचा आरंभ करतो. तो पूर्ण करणे त्याच्या हाती नसते.

क्रीडागृहातील शपथेचे चित्र मात्र प्राचीन कथेच्या आडपडद्याने काढावयाचे नव्हते. येथे माणसे आजची, पोशाख आजचे आणि चेहरे ओळखीचे हवे होते. दाविदने मोठे रेखाचित्र सिद्ध करून १७९१ च्या प्रदर्शनात ठेवले. त्यात मध्यभागी मेजावर उभा राहून बायी शपथ वाचतो आहे, आणि चारी बाजूंनी हात त्याच्याकडे उंचावले आहेत. होरेशी बंधूंचे तीन हात येथे शेकडो झाले. नंतर प्रचंड कॅनव्हासवर काम सुरू झाले. आधी नग्न देह रेखून त्यांवर पोशाख चढविण्याची अभिजात पद्धत होती, तीप्रमाणे देह रेखले गेले. थोडे चेहरे रंगविले गेले. आणि काम थांबले. ज्यांचे चेहरे रंगवावयाचे ते राष्ट्रपुरुष महिन्यामहिन्याला राष्ट्रद्रोही ठरत होते. मिराबोचा राजाशी गुप्त व्यवहार त्याच्या मृत्यूनंतर १७९२ च्या अखेरीस उघडकीस आला. बायी व बार्नाव्ह यांचा १७९३ च्या नोव्हेंबरात गिलोटिनवर वध झाला. रोबेस्पिएर १७९४ च्या जुलैत गेला, आणि त्याचा पाठीराखा म्हणून खुद्द दाविद तुरुंगात पडला. त्या कॅनव्हासचा जो भाग व्हर्साय येथे उरला आहे, त्यात वस्त्रहीन देहांवर मोजकीच मस्तके दिसतात. क्रांतीविषयी याहून बोलके चित्र दाविदने पुरे करून काढले असते, असे वाटत नाही. त्याचे १७९३ मधील ‘मारा’ हे चित्र पूर्ण झाले, त्याचे एक कारण हे की, मृत मनुष्य पक्ष बदलू शकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. अठराव्या शतकात मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडीने पनवेलला उतरे, तेथून चौक, खालापूर, खोपोली असा मार्ग क्रमून बोरघाट चढे आणि खंडाळ्यास पोहोचे. हा रस्ता व्यापाराचा, टपालाचा, वकिलांचा आणि सैन्यांचा. १७७८ च्या डिसेंबरात रघुनाथरावांना घेऊन इंग्रज फौज याच घाटाने वर चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे नामुष्कीचा करार करून परतली. मराठी लोकस्मृतीतील ‘इष्टूर फाकडा’, म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडला. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १७८१ मध्ये, जनरल गॉडर्डने घाट काबीज करून खोपोलीस तळ दिला. नाना फडणीस वाटाघाटीत वेळ काढीत राहिले, आणि एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे परत फिरला तेव्हा हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या पथकांनी त्याला त्या अरुंद, झाडीच्या मुलखात पिछाडीवर आणि बगलेवर सारखे हैराण केले. त्याचे पुष्कळ लोक व बरेच सामान गेले. पुढच्या वर्षी सालबाईचा तह झाला.

या माघारीचे चित्र लंडनमध्ये कोणी काढले नाही, यात नवल नाही. परंतु ते पुण्यातही कोणी काढविले नाही. श्रीरंगपट्टणम येथे टिपूने १७८४ च्या सुमारास बांधलेल्या दर्या दौलत बागेतील महालाच्या भिंतींवर पोल्लिलूरची लढाई रंगविली आहे. सप्टेंबर १७८० मध्ये कर्नल बेलीच्या पलटणींचा झालेला संहार त्या भित्तिचित्रात उघड उल्हासाने दाखविला आहे. म्हणजे जिंकलेल्या लढाईचे चित्र भिंतीवर काढून पाहुण्यांना दाखवावे, ही कल्पना हिंदुस्थानात अपरिचित नव्हती. मराठी दरबाराने ती का स्वीकारली नाही? पेशवाईतील वाड्यांच्या भिंतींवर चित्रे होती, पण त्यांत पुराणकथांना, देवदेवतांना आणि दरबारी शोभेला मान होता. पराक्रमाची नोंद पत्रांत, बखरींत आणि पोवाड्यांत होत असे. म्हणजे ती ऐकण्याची वस्तू होती, पाहण्याची नव्हे.

पण सत्तेला दृश्य रूप द्यावयाचे ते कोठे द्यावे, याविषयी पुण्याचे कारभारी अज्ञानी नव्हते. ज्या खोपोलीत गॉडर्डने तळ दिला होता, तेथे घाटाच्या पायथ्याशी नाना फडणिसांनी बांधविलेले महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण दगडी तलाव आहे. चढणीपूर्वी माणसे व जनावरे विसावत ती ही जागा. उत्तरेस कर्जत तालुक्यात कुसूर घाटाच्या पायथ्याशी, भिवपुरी येथे, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या नावे असाच एक तलाव सांगितला जातो. दोन घाट, दोन पायथे, दोन तलाव. यांना नुसता धर्मादाय म्हणून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही. घाटाखालचे पाणी ज्याच्या नावाने प्यावयाचे त्याच्या सत्तेची जाणीव वाटसरूला, हमालाला, वंजाऱ्याला आणि परमुलखी वकिलालाही व्हावी, हा परिणाम त्यात अभिप्रेत असो वा नसो, तो घडत होता. या प्रतिमेला चेहरा नव्हता. सरकार बदलले तरी तिची उपयुक्तता राहत होती. टिपूच्या भिंतीपेक्षा ही प्रतिमा अधिक टिकाऊ ठरली, मात्र ती दूरदेशी नेता येत नव्हती. हे शेवटचे वैगुण्य किती महागात पडणारे होते, ते पुढे दिसेल.

चार्ल्स वॉर मॅलेट हा कंपनीचा वकील म्हणून १७८६ मध्ये पुण्यास आला. १७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला आणि कॉर्नवॉलिसला मराठे व निजाम यांची मदत तातडीने हवी झाली. पुण्याचा तह ही मॅलेटच्या आयुष्यातील मोठी कमाई. तिच्याबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच वर्षी मुंबईत उतरला आणि १७९२ मध्ये मॅलेटच्या आश्रयाने पुण्यास गेला. वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे काढली. नानांचा तो कृश, उभट, सावध चेहरा आपल्या पाठ्यपुस्तकांतून आज ज्या रूपाने परिचित आहे, त्याचे मूळ वेल्सच्या कुंचल्यात आहे. शनिवारवाड्यात त्या वेळी एक चित्रशाळाही सुरू झाली व तिच्यात गंगाराम तांबट या गुणी कलावंताला युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळाले. याच काळात मॅलेटने तहाच्या दरबाराचे मोठे चित्र वेल्सकडून काढवून घेण्याचे योजिले, आणि वेल्सने त्यासाठी माणसांचे चेहरे, पागोटी, शस्त्रे, दालनाचे खांब यांची टिपणे जमविण्यास आरंभ केला.

येथे एक साधी गोष्ट नजरेआड होते. तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानातच नव्हता. ज्या दरबाराचे चित्र काढावयाचे तो त्याने पाहिला नव्हता; त्यास तो मॅलेटच्या तोंडून ऐकावा लागला. म्हणजे या प्रसंगाचा पहिला निवेदक, चित्राचा मालक आणि चित्राचा नायक हे तिन्ही एकच. व्हर्सायच्या शपथेच्या दिवशी दाविद लोकप्रतिनिधी नव्हता, पण निदान त्या शपथेचे साक्षीदार शेकडो होते व त्यांतील बहुतेक पॅरिसमध्ये वादविवाद करीत होते. पुण्याच्या चित्रात वाद घालणारा कोणी नव्हता.

वेल्सचे चित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून वारले. आणि नोव्हेंबरात साष्टीत लेण्यांची चित्रे काढीत असता जडलेल्या तापाने वेल्स मरण पावला. तहनामा स्वीकारणारा राजा आणि तो प्रसंग रंगविणारा चित्रकार काही आठवड्यांच्या अंतराने गेले. नानांचा अंत १३ मार्च १८०० रोजी झाला. मॅलेट १७९८ मध्ये स्वदेशी परतला व दुसऱ्या वर्षी वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, त्याचा विवाह झाला. वेल्सची टिपणे त्याच्या घरात होती. ती त्याने टॉमस डॅनिएल या, हिंदुस्थानची निसर्गचित्रे व वास्तुचित्रे काढून नावारूपास आलेल्या चित्रकाराच्या स्वाधीन केली. डॅनिएलने १८०५ मध्ये चित्र पुरे करून रॉयल अकॅडमीत प्रदर्शित केले. डॅनिएलही १७९० च्या त्या दरबारास हजर नव्हता. तेव्हा तो उत्तर हिंदुस्थानात भ्रमण करीत होता.

कला म्हणून हे चित्र थोर नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दाविदच्या अर्थाने ते नवअभिजातही नव्हे. डॅनिएल वास्तुचित्रणात वाकबगार, मानवी शरीरात कच्चा. परंतु त्याची शिस्त त्याच संप्रदायाची आहे. उंच दालन, खांबांच्या समांतर रांगा, एका बिंदूकडे खेचल्या जाणाऱ्या रेषा, प्रत्येक माणूस नेमून दिलेल्या जागी स्थिर, आणि साऱ्या स्थैर्यात एकच हालचाल : मॅलेट मान्य झालेला तहनामा सोळा वर्षांच्या पेशव्याच्या हाती देतो आहे. दाविदच्या चित्रांत शपथेचा हात वर जातो. येथे कागदाचा हात पुढे येतो. शपथ समूहाची असते आणि ती उद्या मोडू शकते. कागद दोघांचा असतो आणि तो मोडला तर दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. इंग्रजी राजकीय चित्रकलेने हा कागद फार आधी हेरला होता. बेंजामिन वेस्टने १७७१–७२ मध्ये विल्यम पेन व अमेरिकेतील मूळ रहिवासी यांच्या तहाचे चित्र काढले. तेव्हापासून ‘आम्ही मुलूख घेतला तो करारानेच’ हे सांगण्याचा हा चित्रप्रकार रूढ होत गेला. त्याच वेस्टने पुढे बंगालच्या दिवाणीचे चित्र काढले. १७६५ मध्ये अलाहाबादला क्लाइव्हच्या तंबूत, जेवणाच्या मेजावर खुर्ची ठेवून शाह आलमसाठी सिंहासन उभे केले होते. वेस्टच्या चित्रात तेथे भव्य दरबार आहे आणि बादशहा गादीवरून सनद देतो आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोन दृश्यांतील अंतर मोजता आले, तर प्रचार या शब्दाची निराळी व्याख्या देण्याची गरज उरत नाही.

पुण्याच्या चित्रात अशी ढळढळीत लबाडी नाही. दालन खरे आहे, चेहरे टिपणांवरून घेतलेले आहेत, पोशाख विश्वासार्ह आहेत. त्यातील असत्य तपशिलात नसून तारखेत आहे. १७९० मध्ये कंपनी पुण्याच्या दाराशी मदत मागण्यास आली होती. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणमवरून माघार घेताना कॉर्नवॉलिसचे सैन्य उपासमारीने व रोगराईने इतके खचले होते की, अवजड तोफा त्याला नष्ट कराव्या लागल्या. मेलुकोटेजवळ हरिपंत व परशुरामभाऊ यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी छावणीच्या बाजारातून धान्य विकत घेऊन इंग्रज शिपायांचे प्राण वाचले. या प्रसंगाचे चित्र इंग्लंडात गाजल्याचे ऐकिवात नाही. गाजली ती फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस टिपूच्या दोन लहान मुलांना ओलीस म्हणून ममतेने स्वीकारतो, ही चित्रे. रॉबर्ट होम, मॅदर ब्राऊन आणि आणखी कित्येकांनी ती काढली. १७९९ मध्ये टिपू पडला. पुढल्याच वर्षी रॉबर्ट कर पोर्टरने श्रीरंगपट्टणमच्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे दृश्यचित्र लंडनमध्ये तिकीट लावून दाखविले. हे क्रांतीच्या भीतीचे दिवस होते. १७९७ मध्ये टिपूच्या राजधानीत मूठभर फ्रेंचांनी स्वातंत्र्यवृक्ष लावून जॅकोबिन मंडळ काढल्याची कागदपत्रे वेल्स्लीने प्रसिद्ध केली. त्या प्रकरणातील किती भाग खरा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण म्हैसूरवरील युद्धाचे समर्थन करण्यास ते पुरे पडले. पॅरिसमध्ये अभिजात चित्रशैली राजाविरुद्ध उभी होती, लंडनमध्ये तीच शैली ‘पौर्वात्य जुलूम’ आणि ‘फ्रेंच अराजक’ या दोहोंविरुद्ध कायद्याची व तहांची बाजू मांडीत होती.

डॅनिएलचे चित्र लोकांपुढे आले तेव्हा ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह होऊन गेला होता, दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली होती, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव झाला होता. त्या युद्धाचे हेतू व खर्च यांवर इंग्लंडात टीका होत होती. वेल्स्लीला १८०५ मध्येच परत यावे लागले. अशा वेळी पुण्याच्या दरबारात एक इंग्रज वकील शांतपणे, सन्मानाने, राजाच्या हाती तहनामा ठेवतो आहे, हे दृश्य पाहणाऱ्या लंडनकराने त्याचा काय अर्थ घ्यावा? समान दर्जाच्या दोन सत्तांचा १७९० चा करार त्याला मांडलिकत्वाची पहिली पायरी म्हणून दिसणार, आणि ती पायरीही किती सभ्य! होरेशी बंधूंच्या चित्राप्रमाणे येथेही एक रेषा न बदलता अर्थ बदलला. फरक एवढाच की, तेथे तो प्रेक्षकांनी बदलला, येथे काळाने बदलेपर्यंत चित्र थांबून राहिले होते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे. दाविदचे चित्र अपुरे राहिले, कारण त्यातील माणसांना पॅरिसमध्ये महत्त्व होते. त्यांपैकी प्रत्येकाचे चढणे-पडणे चित्राचा अर्थ मोडीत होते. पुण्याचे चित्र पुरे झाले, कारण १८०५ च्या लंडनमध्ये त्यातील मराठी माणसांपैकी कोणाच्याही मताला किंमत उरली नव्हती. माधवराव नव्हते, नाना नव्हते; ज्यांनी ‘हा प्रसंग असा नव्हता’ म्हणावे ते नव्हते. जे हयात होते त्यांना चित्र दाखविले जाणार नव्हते. खोपोलीचा तलाव बांधणारा मुत्सद्दी लंडनच्या भिंतीवर एका दरबारी समुदायातला एक चेहरा होऊन बसला होता, आणि त्याच्या बाजूने बोलणारी त्याची स्वतःची वास्तू बोरघाटाखाली होती. दाविद तरी पुढे काय करीत होता? १८०१ मध्ये त्याने खेचरावरून आल्प्स ओलांडलेल्या नेपोलियनला उसळत्या घोड्यावर बसविले, आणि राज्याभिषेकाच्या चित्रात, जे तो १८०५ नंतर रंगवीत होता, समारंभास न आलेल्या नेपोलियनच्या आईला ऐटीत आसनस्थ केले. सत्ता स्थिर झाली की चित्रे पुरी होतात.

बोरघाटही पुढे इंग्रजी चित्रांत शिरला, पण रणभूमी म्हणून नव्हे. विल्यम वेस्टॉलने घाटमाथ्यावरून रेखाटलेले दृश्य ग्रिंडलेच्या १८२६ नंतर प्रसिद्ध झालेल्या चित्रसंग्रहात आहे; गॉडर्डच्या माघारीचा मुलूख तेथे केवळ रम्य आहे. १८३० मध्ये सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्याच माल्कमचा चँट्रीने घडविलेला अभिजात शैलीचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, डोरिक स्तंभांच्या त्या इमारतीत, उभा आहे.

आपल्या विभागातील संशोधकांना या चित्राचा उपयोग कसा करता येईल, याविषयी थोडे लिहितो. सरदेसायांनी संपादिलेल्या पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहारातील मॅलेटच्या वकिलातीचा खंड आणि पेशवे दप्तरातील निवडक कागद शेजारी ठेवून या दरबाराची आसनव्यवस्था तपासली पाहिजे. कोण कोठे बसे, कोण उभा राही, वकिलाला किती जवळ येऊ दिले जाई, या बाबतीत मराठी दरबार अत्यंत काटेकोर होता. चित्रातील मांडणी त्या शिष्टाचाराशी जेथे जुळत नाही, नेमकी तेथे चित्रकाराची, किंवा मॅलेटची, इच्छा हाती लागेल. दुसरे, गंगाराम तांबटाच्या व वेल्सच्या पुष्कळ रेखाटनांचा संग्रह आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे, तर डॅनिएलचे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. टिपणांवरून पूर्ण चित्रापर्यंत काय गळाले आणि काय शिरले, हे पाहणे त्यामुळे शक्य आहे. मराठी वाचणाऱ्या अभ्यासकाने ते करावे हे बरे, कारण चेहऱ्यांची ओळख पटविण्याचे काम केवळ इंग्रजी नोंदींवर सोडण्याजोगे नाही.

शनिवारवाड्याचा अंतर्भाग फेब्रुवारी १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. ज्या दालनात तहनामा हातोहात दिला गेला त्याचे खांब, महिरपी व छत कसे होते हे सांगताना आजचा वास्तुशास्त्रज्ञही मॅलेटच्या चित्राकडेच वळतो.